हरळी उपटण्याआधी अर्ज: लॉस एंजेलिसमध्ये लॉन काढून रिबेट मिळवण्याची पूर्ण वाट

आमच्या घरापुढचं लॉन नेमकं कसलं आहे हे आम्हाला अण्णांनी सांगितलं. अण्णा म्हणजे माझे सासरे. तासगावहून आले होते. विमानाचा शीण उतरायच्या आत सकाळी अंगणात जाऊन उकिडवे बसले, गवताची एक काडी ओढली, ती सुटेना म्हणून आणखी ओढली, आणि हातभर लांब दोरी हातात आल्यावर म्हणाले, “अगं, ही तर हरळी. हिला तुम्ही विकतचं पाणी घालता?”

घालत होतो. इथे तिचं नाव बर्म्युडा ग्रास. पाण्याला स्प्रिंकलर, कापायला दर पंधरा दिवसांनी माणूस, आणि उन्हाळ्यात दोन महिन्यांचं बिल आलं की नवऱ्याचा चेहरा पाहण्यासारखा. शेवटी ते ८२० चौरस फुटांचं लॉन काढून तिथे कमी पाण्याची बाग केली आणि चौरस फुटाला ५ डॉलर या हिशेबाने ४,१०० डॉलर रिबेट, म्हणजे लॉन काढल्याबद्दल पाणीसंस्था देते ते पैसे, मिळवलं. तेव्हापासून लॉस एंजेलिसच्या सॅन फर्नांडो व्हॅलीतल्या चार-पाच मराठी घरांना फोनवर तेच तेच सांगत आले आहे, म्हणून एकदा सगळं लिहून काढते.

एक गोष्ट मात्र आताच सांगते, पुढचं नाही वाचलंत तरी चालेल. मंजुरीचा ईमेल हातात पडेपर्यंत गवताच्या पात्यालाही हात लावू नका. काम सुरू केलेल्या किंवा उरकलेल्या जागेला रिबेट नाही. आमच्या ओळखीतल्या एकांनी ‘लाँग वीकेंड आहे, तेवढ्यात हात मारून घेऊ’ म्हणून लॉन उचललं आणि मग अर्जाचं पोर्टल उघडलं. बाग छान झाली आहे त्यांची. पैसे शून्य.

पैसे कोण देतं, आणि का

दक्षिण कॅलिफोर्नियात पाण्याचा ठोक पुरवठा करणारी संस्था म्हणजे मेट्रोपॉलिटन वॉटर डिस्ट्रिक्ट. कोलोरॅडो नदीचं आणि राज्याच्या उत्तर भागातलं पाणी शेकडो मैलांवरून आणून ती २६ सदस्य संस्थांना देते. त्यांच्यामार्फत सुमारे १ कोटी ९० लाख लोकांपर्यंत ते पोचतं. स्वयंपाकघरातलं नि न्हाणीघरातलं पाणी निदान गटारातून शुद्धीकरणाला जातं. लॉनचं पाणी उन्हात उडून जातं, ते गेलं ते गेलं. तेवढं पाणी नव्याने कुठून तरी आणण्यापेक्षा तुम्हाला पैसे देऊन लॉन काढायला लावणं त्यांना परवडतं, इतका सरळ हिशेब आहे. एका चौरस फुटावर इंचभर पाणी म्हणजे ०.६२३ गॅलन. हजार चौरस फुटांवर एकदा इंचभर पाणी दिलं की ६२३ गॅलन, म्हणजे साधारण २,३६० लिटर संपले. व्हॅलीतल्या जुलैच्या उन्हात लॉनला दर आठवड्याला एवढं लागतं.

मेट्रोपॉलिटनचा घरांसाठीचा मूळ दर चौरस फुटाला २ डॉलर. त्यावर तुमची स्थानिक पाणीसंस्था आपल्या पदरचे घालते किंवा घालत नाही. लॉस एंजेलिस शहराच्या जल व वीज खात्याने, म्हणजे एलएडीडब्ल्यूपीने, नोव्हेंबर २०२२ मध्ये घरगुती ग्राहकांसाठी एकूण दर ५ डॉलरवर नेला. मर्यादा ५,००० चौरस फुटांची. अर्वाइन, पॅसाडिना, लाँग बीच यांचे दर वेगळे. म्हणून पहिलं काम म्हणजे पाण्याचं बिल काढून त्यावर पुरवठादाराचं नाव वाचायचं, आणि मग सोकॅल वॉटरस्मार्ट या पोर्टलवर आपला पत्ता घालून त्या दिवशीचा दर पाहायचा. मैत्रिणीला गेल्या वर्षी किती मिळाले यावर बजेट आखू नका.

दर आणि निधी दोन्ही हलतात. १ एप्रिल २०१५ रोजी गव्हर्नर जेरी ब्राउन सिएरा नेवाडात, जिथे त्या दिवसांत जवळपास पुरुषभर बर्फ असायला हवा, तिथे सुक्या गवतावर उभे राहिले आणि पाणीवापरात २५ टक्के कपातीचा हुकूम जाहीर केला. त्यातच ५ कोटी चौरस फूट लॉन काढण्याचं लक्ष्य होतं. त्यानंतर रिबेटला अशी झुंबड उडाली की मेट्रोपॉलिटनने बचतीच्या योजनांसाठी वाढवून ४५ कोटी डॉलरवर नेलेला निधी जुलैतच आटला. पहिला येईल त्याला पहिलं, हाच नियम आजही आहे.

तुमची जागा बसते का

घर तुमच्या नावावर हवं. भाड्याचं असेल तर मालकाची परवानगी. पाण्याचं खातं चालू हवं. गवत जागेवर हवं. त्याच जागेसाठी आधीच्या मालकाने रिबेट घेतलेलं नसावं. नवीन घर घेतलं असेल तर हे विचारून घ्या, कारण अशी नोंद घराच्या पत्त्याला चिकटलेली असते, माणसाला नाही.

फुटपाथ आणि रस्ता यांच्यामधल्या गवताच्या पट्टीला इथे पार्कवे म्हणतात. ती जागा सार्वजनिक, राखायची मात्र तुम्ही. तिथे रोपाच्या उंचीपासून पाऊलवाटेपर्यंत शहराचे वेगळे नियम लागतात. आम्ही पहिल्या खेपेला ती सोडून दिली आणि त्याचा पश्चात्ताप झालेला नाही.

एचओए, म्हणजे घरमालकांची सोसायटी, असेल तर पुष्कळ जण तिथेच अडतात. समिती म्हणते, लॉनच हवं. कॅलिफोर्नियाच्या सिव्हिल कोडचं कलम ४७३५ सांगतं की कमी पाण्याची झाडं लावायला एचओए मनाई करू शकत नाही. नकाशा मागू शकते, मांडणीबद्दल वाजवी अटी घालू शकते. ‘नाही’ म्हणू शकत नाही. भांडायला जाऊ नका. आराखड्यासोबत त्या कलमाचा उल्लेख असलेलं दोन ओळींचं नम्र पत्र द्या. ते पुरतं.

आणि हो, प्लॅस्टिकचं गवत चालत नाही. हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. उन्हात ते एवढं तापतं की अनवाणी पाय ठेववत नाही, आणि रिबेटच्या अटींत ते सरळ बाद आहे.

मोजमाप आणि फोटो

लांब टेप, एक मदतनीस आणि कागद. चौकोन असेल तर लांबी गुणिले रुंदी. बहुतेक लॉन मात्र वाटाण्याच्या शेंगेसारखी वळणं घेत गेलेली असतात. तिथे लांबीच्या रेषेवर दर पाच फुटांना रुंदी मोजा, सगळ्या रुंदींची सरासरी काढा आणि लांबीने गुणा. झाडाभोवतीचं मातीचं आळं, फरशांची वाट, विटांची कडा हे सगळं वजा. पैसे फक्त गवताच्या फुटांचे आहेत. आम्ही पहिल्यांदा मधल्या फरशांसकट मोजून ८७० लिहिलं होतं. रात्री पुन्हा मोजलं तेव्हा ५० फूट हवेत होते. आकडा फुगवला तर तपासणीत कापला जातो आणि कमी लिहिला तर आपलेच पैसे जातात. दोनदा मोजा.

फोटो पाच-सहा घ्या, रंगीत, दिवसाउजेडी. संपूर्ण जागा दिसेल असे, प्रत्येक कोपऱ्यातून एक, आणि घर किंवा दारावरचा नंबर दिसेल असा किमान एक. स्प्रिंकलरची डोकी दिसतील असाही एक काढून ठेवा. फोटो काढताना कुठे उभ्या होतात ते कागदावर फुली मारून लिहा. सहा महिन्यांनी ‘नंतरचे’ फोटो नेमके तिथूनच काढायचे आहेत, आणि तोवर जागा इतकी बदललेली असते की आठवत नाही.

आराखडा: तीन रोपं, तीन इंच आणि ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’

आराखडा लँडस्केप आर्किटेक्टकडूनच हवा असं नाही. मी मुलाच्या गणिताच्या चौकटीच्या वहीवर काढला, एक चौकट म्हणजे एक फूट, आणि मोबाइलवर स्कॅन केला. सुंदर नसला तरी चालतो. त्यात अटी दिसायला हव्यात.

रोपांची अट अशी: बदलणाऱ्या जागेच्या दर १०० चौरस फुटांना किमान तीन रोपं. आमच्या ८२० फुटांना २४.६, म्हणजे २५. आक्रमक जाती चालत नाहीत. प्रत्येक रोपाचं नाव आराखड्यावर लिहा, नुसतं ‘झुडूप’ नको.

उघड्या मातीवर तीन इंच जाडीचं आच्छादन, म्हणजे मल्च, हवं. हिशेब सोपा: ८२० फूट गुणिले पाव फूट म्हणजे २०५ घनफूट, त्याला २७ ने भागलं की साडेसात घनयार्डांच्या वर. पिशव्या विकत घ्याल तर दिवाळं निघेल, ट्रकने मागवा. लॉस एंजेलिस शहराचं सॅनिटेशन खातं रहिवाशांना मल्च फुकट देतं, फावडं आणि पोती आपली. आम्ही निम्मं तिथून आणलं. गाडीला त्याचा वास मात्र गुढीपाडव्यापर्यंत होता.

सिमेंट किंवा घट्ट फरशी त्या जागेत ओतता येत नाही. वाट हवी असेल तर पाणी मुरू देणारी हवी: सुट्या फरश्या, खडी किंवा इथे डीजी म्हणतात तो भुगा झालेला ग्रॅनाइट. डीजी म्हणजे आपला मुरूमच. आम्ही तोच टाकला.

स्प्रिंकलर जातील, त्याजागी ठिबक किंवा हाताने पाणी, हेही आराखड्यात दिसायला हवं.

उरली ती अट ज्यावर आमचा पहिला अर्ज परत आला. पावसाचं पाणी जागेवर थांबवणारी काहीतरी सोय हवी. मी मनात योजली होती, कागदावर काढली नव्हती, चूक माझीच. ईमेल वाचून अण्णा म्हणाले, “म्हणजे पाणी अडवा, पाणी जिरवाच की. एवढ्यासाठी अमेरिकेत यायचं?” मग त्यांनीच सुचवलं. छपराचं पन्हाळीचं पाणी जिथे पडतं तिथून उताराच्या आडवा एक उथळ चर, चराची माती खालच्या अंगाला बांधासारखी दाबायची, आणि शेवटी एक खोलगट आळं. इथे चराला स्वेल म्हणतात, बांधाला बर्म, आळ्याला रेन गार्डन. सुक्या ओढ्यासारखी गोट्यांची पट्टी किंवा पन्हाळीखाली पिंप ठेवलं तरी अट पुरी होते. दोन गोष्टी सांभाळा: पाणी साठणारं आळं घराच्या पायापासून दहा फूट तरी लांब ठेवा, आणि दोन-तीन दिवसांत पाणी जिरलंच पाहिजे, नाहीतर डास. जिरतं का ते आधी पाहता येतं. फूटभर खड्डा करायचा, पाण्याने भरायचा, जिरू द्यायचा, पुन्हा भरायचा आणि घड्याळ लावायचं. पण हा खड्डा परसात, लॉनमध्ये नको. मंजुरी यायची आहे अजून!

वणव्याच्या पट्ट्यात घर असेल तर आराखड्यात आणखी एक गोष्ट घ्या. भिंतीलगतच्या पाच फुटांत लाकडी मल्च आणि झुडपं नकोत, खडी ठेवा. उडून येणारी ठिणगी तिथेच पडते. जानेवारी २०२५ च्या पॅलिसेड्स आणि ईटन आगींनंतर हे इथे कोणाला पटवावं लागत नाही.

१८० दिवस मोजून वापरा

पोर्टलवर खातं, पाण्याचं बिल, फोटो, आराखडा, क्षेत्रफळ, सबमिट. हा भाग तासाभराचा. काही जणांकडे आधी तपासणीला माणूस येतो, काहींचं फोटोंवर भागतं. मंजुरी आली की तेवढी रक्कम तुमच्या नावाने राखून ठेवतात आणि तिथून १८० दिवसांत काम संपवून कागदपत्रं चढवायची.

हे १८० दिवस कोणत्या महिन्यात सुरू होतात यावर तुमची बाग तगणार की नाही हे ठरतं, आणि याबद्दल कोणी सांगत नाही. लॉस एंजेलिसचा पाऊस मुख्यतः नोव्हेंबर ते मार्च. इथली देशी झाडं लावायची खरी वेळ म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबर. मुळं हिवाळ्याच्या पावसात खाली उतरतात. उलट हरळी मारायची वेळ म्हणजे जुलै-ऑगस्टचं रणरणतं ऊन. दोन्ही एकाच मुदतीत बसवायचं तर मंजुरी जूनच्या मध्याला हवी: जुलै-ऑगस्ट हरळीला, सप्टेंबर ठिबक आणि चराला, ऑक्टोबर-नोव्हेंबर लागवडीला, आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात फोटो. मुदत १२ डिसेंबरच्या आसपास संपते. म्हणून अर्ज एप्रिल-मेमध्ये करा, एक फेरी परत येण्याची सवड धरून.

लॉन हरळीचं नसून फेस्क्यूचं असेल तर इतकी घाई नाही. ओळखायचं कसं? जानेवारीत पाहा. हरळी हिवाळ्यात पेंढ्यासारखी पिवळट होते, फेस्क्यू हिरवं राहतं. फेस्क्यूला आडव्या मुळ्या नाहीत. बारीक कापून, ओलं करून, त्यावर पुठ्ठे आणि पुठ्ठ्यांवर मल्च घातलं की दोनेक महिन्यांत कुजून जातं. पुठ्ठ्यांच्या कडा एकमेकांवर सहा इंच चढवा आणि चिकटपट्ट्या आधी सोलून काढा, नाहीतर वर्षभर मातीतून निघत राहतात.

हरळी: इथे घाई केली तर सगळं फुकट

हरळीवर नुसते पुठ्ठे टाकले तर ती हसते. काशी, म्हणजे तिची जमिनीखालची लांब मुळी, पुठ्ठ्याच्या फटीतून डोकं काढते, नाही मिळाली फट तर कडेने आठ फूट चालून जाते. आणि कोणी रोटोटिलर, म्हणजे माती फिरवणारं यंत्र, मारायचा सल्ला दिला तर त्याला चहा पाजून घरी पाठवा. एका काशीचे वीस तुकडे होतात आणि पेरं असलेल्या प्रत्येक तुकड्यातून नवी हरळी फुटते. अण्णांच्या भाषेत, “वाढवायची असली तर फिरवा.” गावाकडे उन्हाळ्यात खोल नांगरट करून काशा वर काढतात, वेचतात आणि उन्हात वाळवतात. इथेही तत्त्व तेच, फक्त नांगराऐवजी प्लॅस्टिक.

आम्ही केलं ते असं. मंजुरी आल्यावर दोन आठवडे हरळीला भरपूर पाणी घातलं. वेड्यासारखं वाटतं, पण वाढीला लागलेली हरळी लवकर मरते, झोपलेली वाचते. मग जमिनीसरसी कापली. माती फूटभर खोल ओली केली, कारण ओल्या मातीत उष्णता खाली उतरते. वर पारदर्शक प्लॅस्टिक, काळं नव्हे, एक-दोन मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाडीचं, मातीला चिकटेल असं ताणून पसरलं. चारी बाजूंना सहा इंच खोल चर काढून कडा मातीत गाडल्या. कडा उघडी राहिली तर वाफ निसटते आणि सगळं मुसळ केरात. सहा आठवडे तसंच ठेवलं. शेजारच्या आजी रोज फिरायला जाताना थांबून विचारायच्या, घरात काही लीक झालंय का म्हणून.

मोठ्या झाडाखाली हे करू नका; त्याची वरची मुळं शिजतात. तिथे हाताने खणा. आणि सावलीच्या पट्ट्यात ऊन पुरत नाही, तिथेही खुरपंच.

प्लॅस्टिक काढल्यावर लगेच रोपं लावायची नाहीत. दोन-तीन आठवडे पाणी शिंपडून वाट पाहा. जी डोकी वर येतील ती काशीसकट खणून काढा. आमच्याकडे भिंतीच्या कडेने आणि पाण्याच्या मीटरभोवती बरीच आली. काही जण तणनाशक वापरतात. वापरायचंच तर हिरव्या, वाढत्या हरळीवर आणि एकापेक्षा जास्त वेळा, तरच उपयोग. आम्ही टाळलं, पुढे त्याच मातीत मुलं लोळणार होती.

फावडं जमिनीत घालण्याआधी ८११ ला फोन. किमान दोन कामाचे दिवस आधी सांगितलं की गॅस, वीज, केबल कुठून जाते ते जमिनीवर रंगाने आखून जातात, फुकट. आमची गॅसची नळी नेमकी माझ्या नियोजित चराखालून जात होती.

ठिबक

ठिबक म्हटलं की आपल्याला जळगाव आठवतं आणि द्राक्षबागेत वाढलेल्या माणसाला तर त्यात नवं काहीच नाही. अण्णांनी फिल्टर हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि “बरा आहे” म्हणाले. जुन्या स्प्रिंकलरच्या एका डोक्याजागी ठिबकाचा जोड बसवायचा, बाकीच्या डोक्यांना टोपणं. जोडापाशी फिल्टर आणि दाब कमी करणारा रेग्युलेटर, २५ ते ३० पीएसआयचा, हवाच. तो नसला तर स्प्रिंकलरच्या दाबाने जोड फटाक्यासारखे सुटतात. अर्ध्या इंचाची नळी रोपांमधून फिरवा आणि मल्चखाली झाका.

त्याच व्हॉल्व्हवर परसातलं उरलेलं लॉनही चालत असेल तर व्हॉल्व्ह वेगळा करा. स्प्रिंकलर दहा मिनिटं चालतो, ठिबक तासभर. एका दोरीला दोन्ही बांधता येत नाहीत.

लॉनमध्ये जुनं मोठं झाड असेल तर त्याच्याकडे लक्ष द्या. इतकी वर्षं ते लॉनचं पाणी चोरून प्यायलेलं असतं. लॉन गेल्यावर दुसऱ्या उन्हाळ्यात ते वाळतं आणि लोक म्हणतात देशी झाडांनी मारलं. फांद्यांच्या घेराखाली ठिबकाची एक वेगळी रिंग टाका आणि उन्हाळ्यात महिन्यातून एक-दोनदा खोल पाणी द्या.

रोपं

सन व्हॅलीत थिओडोर पेन फाउंडेशनची नर्सरी आहे, १९६० साली सुरू झालेल्या संस्थेची. देशी झाडांसाठी व्हॅलीत मला तीच आवडते. ऑक्टोबरात जा, यादी घेऊन जा, नाहीतर मोहात पडाल. आमच्या २५ मध्ये काय होतं? वास घेतला की थांबावंसं वाटतं असा क्लीव्हलँड सेज, मधमाश्यांसाठी कॅलिफोर्निया बकव्हीट, चराच्या काठाने डिअर ग्रास, एक टोयॉन, दोन सिॲनोथस, उरलेल्या जागेत यॅरो. नाताळच्या सुमारास टोयॉनला लाल फळं येतात आणि पक्षी येऊन झोंबतात.

एक गॅलनच्या कुंडीतली रोपं घ्या. पाच गॅलनची दिसतात मोठी, पण मातीत लवकर रुजतात ती लहान. आणि अंतर ठेवताना आजचं रोप बघू नका, लेबलवरची पूर्ण वाढीची रुंदी बघा. सुरुवातीला बाग टकलासारखी दिसेल. मल्च घाला आणि गप्प बसा. खोडाला मात्र मल्च टेकू देऊ नका, तीन-चार बोटं मोकळी ठेवा. देशी झाडांनाही पहिले एक-दोन उन्हाळे पाणी लागतं. फक्त सिॲनोथससारख्यांना भर उन्हाळ्यात रोज थोडं थोडं पाणी घालू नका; गरम ओल्या मातीत मुळं कुजतात आणि हिरवंगार झाड आठवड्यात तपकिरी होतं. आमचं एक असंच गेलं, प्रेमाने.

कढीपत्ता लावायचा मोह सगळ्यांना होतो. लावा, पण रोप परवानाधारक नर्सरीतून घ्या. लिंबूवर्गीय झाडांना मारणारा रोग पसरवणारी एक कीड कढीपत्त्यावर राहते, त्यामुळे इथे क्वारंटाइनचे नियम आहेत. मैत्रिणीकडून रोप किंवा फांदी एका गावातून दुसऱ्या गावात नेऊ नका, अगदी आमटीसाठीसुद्धा.

माणूस लावून काम करून घ्यायचं तर

खणायचं काम अंगावर घेणं सगळ्यांना जमत नाही. कॅलिफोर्नियात २०२५ पासून १,००० डॉलर किंवा त्याहून मोठ्या कामाला परवानाधारक कंत्राटदार लागतो. बागेच्या कामाचा परवाना सी-२७. नंबर मागा आणि राज्याच्या परवाना मंडळाच्या संकेतस्थळावर तपासा, एक मिनिट लागतं. आगाऊ रक्कम १० टक्के किंवा १,००० डॉलर, यांतली जी कमी असेल त्याहून जास्त मागायचा त्याला अधिकार नाही. ‘रिबेटचं सगळं आम्ही बघतो’ म्हणणाऱ्याला सांगा की बघा, पण अर्ज आमच्या खात्यातून जाईल आणि मंजुरीचा ईमेल आम्हाला दिसल्याशिवाय फावडं उचलायचं नाही. हे करारात लिहून घ्या.

शेवटचे फोटो आणि चेक

काम संपलं की फुलीच्या जागांवर उभं राहून तेच फोटो. चर आणि आळं जवळून, ठिबकाची नळी मल्च थोडं बाजूला सारून, आणि मल्चमध्ये पट्टी खुपसून तीन इंच दाखवणारा एक. पट्टीचा फोटो कोणी मागितला नव्हता, पण प्रश्नही आला नाही. सगळ्या पावत्या एका पाकिटात. नुसत्या ‘लँडस्केपिंग’ लिहिलेल्या बिलाऐवजी रोपं, नळ्या, मल्च, मजुरी असं वेगळं लिहिलेलं बिल मागा. आराखड्यातलं एखादं रोप मिळालं नाही म्हणून दुसरं लावलं असेल तर तसं कळवा.

मुदतीच्या आदल्या दिवशी कागद चढवू नका. कामात पावसाने किंवा नर्सरीने उशीर केला तर मुदत संपण्याआधी ईमेल करून विचारा. संपल्यावर विचारण्यात अर्थ नाही, राखून ठेवलेली रक्कम सुटून पुढच्याकडे जाते. डब्ल्यू-९ फॉर्म भरावा लागतो, कारण संघीय करासाठी ही रक्कम उत्पन्नात धरली जाऊ शकते. कर भरताना १०९९ हा उत्पन्नाची नोंद असलेला फॉर्म पाहून दचकण्यापेक्षा आपल्या सीपीएला, म्हणजे करसल्लागाराला, आधीच सांगा.

बे एरियात सांता क्लारा व्हॅली वॉटरची आणि लास वेगासमध्ये सदर्न नेवाडा वॉटर अथॉरिटीची अशीच योजना आहे. वेगासला रोपं मोजत नाहीत. पूर्ण वाढल्यावर जागेचा निम्मा भाग झाडांनी झाकला गेला पाहिजे अशी त्यांची अट, आणि लॉन काढण्याआधी त्यांचा माणूस येऊन पाहून जातो. क्रम सगळीकडे सारखाच, मंजुरी आधी, कुदळ नंतर.

आता राहिला गणपती. चतुर्थी आली ती नेमकी प्लॅस्टिकच्या सहा आठवड्यांत. सबंध अंगण दूर्वांचं आणि एकवीसची एक जुडी मिळेना, अशी वेळ आली असती; पण मंजुरी आली त्याच दिवशी अण्णांनी हरळीचा एक तुकडा कुंडीत लावून परसात ठेवला होता. तुम्हीही ठेवणार असाल तर कुंडी सिमेंटवर ठेवा, खाली बशी द्या, आणि दर महिन्याला उचलून भोक बघा. आमच्या कुंडीतून पांढरी काशी खाली उतरून फरशीच्या फटीपर्यंत पोचलेली सापडली होती.